प्रमाणपत्र मिळाले, विद्या मिळाली काय?

मुळशी तालुक्याची आजची स्थिती मोठी विलक्षण आहे. एका अंगाला ताम्हिणी घाटाकडची भातखाचरे आणि मुळशी धरणाचे विस्तीर्ण पाणी. दुसऱ्या अंगाला हिंजवडी-माणच्या शिवारात उभे राहिलेले राजीव गांधी इन्फोटेक पार्क. आणि मध्ये लवळ्याच्या टेकड्यांवर सिंबायोसिस व फ्लेम ह्या संस्थांची विद्यापीठे. काचेच्या ज्या इमारतींत बसून परदेशांतल्या कंपन्यांचे व्यवहार सांभाळले जातात, त्याच इमारतींच्या दारावर पहारा करणारा आणि आतील फरशी पुसणारा माणूस पुष्कळदा भोवतालच्या वाड्यावस्त्यांतला असतो. आपण दाराशी उभे राहिलो, आपल्या मुलाने त्या दारातून आत जाऊन खुर्चीवर बसावे, असे त्याला वाटले तर त्यात वावगे काहीच नाही. म्हणून तो पोटाला चिमटा घेऊन मुलाचे नाव पौड, पिरंगुट किंवा हिंजवडीच्या रस्त्यावरील एखाद्या संगणकवर्गात घालतो. अलीकडे अशा वर्गांच्या पाट्यांवर एक नवा विषय दिसू लागला आहे. तो विषय म्हणजे सायबर सुरक्षा.

हा विषय शिकू नये असे म्हणणारा मनुष्य आज सापडणार नाही. प्रश्न निराळा आहे. तीन महिन्यांचा किंवा सहा महिन्यांचा हा प्रास्ताविक अभ्यासक्रम संपल्यावर मुलगा घरी येतो तेव्हा त्याच्या हाती प्रमाणपत्र असते. परंतु त्याच्या डोक्यात काय असते? ते कोणी मोजले? कोणत्या मापाने मोजले? वाण्याच्या दुकानात तागडी खोटी असल्याची शंका आली तर आपण हुज्जत घालतो; मात्र मुलाच्या शिक्षणासाठी हजारो रुपये मोजताना त्या शिक्षणाचे माप खरे की खोटे, हे विचारण्याचे धैर्य आपल्याला होत नाही. आपल्यासारख्या, ज्यांच्या घरात शिक्षणाची पहिली किंवा दुसरीच पिढी आहे अशा कुटुंबांना तर ते मुळीच होत नाही. शिकवणारा म्हणतो ते खरे, छापील कागदावर आहे ते खरे, अशी आपली समजूत असते. पिढ्यान् पिढ्या कागद दुसऱ्याच्या हाती राहिल्याचा हा परिणाम आहे.

अशा वर्गांतील परीक्षा कशा असतात हे ज्यांच्या घरी विद्यार्थी आहे त्यांना सांगावयास नको. फायरवॉल म्हणजे काय? व्हायरस व वर्म यांतील फरक सांगा. माहिती तंत्रज्ञान कायदा कोणत्या साली झाला? फिशिंगची व्याख्या लिहा. चार पर्यायांतून एकावर खूण करावयाची, आणि तेच प्रश्न थोड्याफार फेरफाराने दरवर्षी यावयाचे. आदल्या रात्री टिपणे पाठ करणाऱ्यास शंभरापैकी ऐंशी गुण सहज मिळतात. ज्याने पाठ केले तो उत्तीर्ण झाला. पण पाठ करणे आणि समजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. ही गोष्ट नवदीक्षितांना तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ म्हणणारा आणि घरातल्या लग्नकार्यात त्यांतली एकही न मोडणारा, हे दोघे एकच असतात असे नाही, हे आपण आपल्याच वस्तीत रोज पाहतो.

हा दोष केवळ लहान वर्गांचाच आहे असे समजू नये. महाराष्ट्रात २००१ सालापासून एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि शासकीय नोकरीच्या वाटेवर त्याच्या प्रमाणपत्राला महत्त्व आले. त्या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुलांचा हात प्रथमच संगणकाला लागला, हे त्याचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याचबरोबर आपल्याकडे अशी एक सवय पडली की संगणकाचे शिक्षण म्हणजे प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र म्हणजे अर्जाला जोडावयाची एक प्रत. ऑक्टोबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी व पदव्युत्तर वर्गांसाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. त्याच्याही आधीपासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मानवी हक्क आणि सायबर सुरक्षा असे दोन छोटे अभ्यासक्रम आवश्यक केले होते. हे दोन विषय एकाच ओळीत बसविणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे. पण ते शेजार योग्यच होते, असे आमचे मत आहे. दु:ख एवढेच की असे आवश्यक विषय बहुतेक ठिकाणी उरकावयाचे विषय होऊन बसतात.

आता समजणे म्हणजे काय, ते एका खऱ्या घटनेवरून पाहू. ही घटना आपल्या पुण्यातलीच आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर दरोडा पडला. ११ ऑगस्ट या दिवशी काही तासांच्या आत जगातील २८ देशांतील एटीएम यंत्रांमधून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले; भारतात आणखी सुमारे अडीच कोटी काढले गेले; आणि १३ ऑगस्टला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका खात्यावर पाठविले गेले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाखांच्या घरात गेली. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ह्या प्रकरणात अकरा जणांना दोषी ठरविले.

हे घडले कसे? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा त्या यंत्राचा प्रश्न बँकेकडे जातो: हे कार्ड खरे आहे काय, आणि ह्या खात्यात एवढी शिल्लक आहे काय? हा प्रश्न नेणारा आणि उत्तर आणणारा एक मधला दुवा असतो, त्याला स्विच म्हणतात. दरोडेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम घुसवून त्या खऱ्या दुव्याच्या जागी आपला खोटा दुवा उभा केला. मग प्रश्न बँकेच्या मूळ हिशेबापर्यंत पोहोचलाच नाही. खोटा दुवा परस्पर सांगू लागला, "होय, द्या." पैसे गेले ते बँकेचे गेले, खातेदारांच्या शिलकेला धक्का लागला नाही, असे बँकेने त्यावेळी जाहीर केले होते.

ही हकीकत आमच्या परीक्षार्थ्यासमोर ठेवा आणि विचारा, येथे चूक कोठे झाली? ज्याला वर्गात "ओटीपी कोणाला सांगू नका, पिन कोणाला सांगू नका" एवढेच शिकविले आहे, तो ठामपणे सांगेल की खातेदारांनी आपला पिन कोणाला तरी सांगितला असावा. ज्याने व्याख्या पाठ केल्या आहेत तो म्हणेल की फायरवॉल नव्हती, किंवा माहिती सांकेतिक लिपीत बदललेली नव्हती. परंतु कोणत्याही खातेदाराने कोणालाही काहीही सांगितले नसताना हा दरोडा पडला. "होय" म्हणणारा खरा कोण आणि तोतया कोण, याची खात्री करून घेण्याची जी साखळी असते तिच्यातील एक कडी बदलली गेली, आणि बदलल्याचे वेळीच कोणाच्या लक्षात आले नाही. हे ज्याला उमगले त्याला फायरवॉलची व्याख्या शब्दश: आली नाही तरी आम्ही त्याला विद्या आली असे म्हणू.

ह्या प्रश्नाचा पद्धतशीर विचार झालेला नाही असे नाही. अमेरिकेत मेरिलंड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील शाखेतले प्राध्यापक अ‍ॅलन शर्मन आणि इलिनॉय विद्यापीठातले जेफ्री हर्मन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गेल्या दशकात ह्याच कामाला हात घातला: सायबर सुरक्षेचा पहिला अभ्यासक्रम शिकलेल्या विद्यार्थ्याला काय समजले ते कसे मोजावे? त्यांनी आधी त्या विषयातील जाणकारांना विचारून, त्यांची मते पुन्हा पुन्हा एकमेकांपुढे ठेवून, विषयाचा गाभा निश्चित केला. तो गाभा पाच गोष्टींत मावला. कोणते दुबळेपण आहे आणि काय बिघडले हे ओळखता यावे; गोपनीयता, माहितीचा अबाधितपणा, सेवेची उपलब्धता आणि ओळखीची खात्री यांपैकी कशावर हल्ला होत आहे ते सांगता यावे; त्यावर बचाव योजता यावा; मुळात काय राखावयाचे आहे ते ठरविता यावे; आणि लक्ष्य कोण, हल्लेखोर कोण असू शकेल याचा अंदाज बांधता यावा. ह्या पाचांत कोणत्याही यंत्राचे किंवा कंपनीच्या मालाचे नाव नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. यंत्रे दर पाच वर्षांनी बदलतात. विचार करण्याची ही रीत बदलत नाही.

त्यानंतर त्यांनी जे केले ते आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. त्यांनी तीन निरनिराळ्या संस्थांतील २६ विद्यार्थ्यांपुढे प्रश्न ठेवले आणि प्रत्येकाला मोठ्याने विचार करावयास सांगितले. उत्तर काय येते यापेक्षा मुलगा त्या उत्तरापर्यंत कोणत्या वाटेने जातो, हे त्यांनी ऐकले. ह्या तीन संस्थांपैकी एक बोवी स्टेट विद्यापीठ होते. ज्या काळात कृष्णवर्णीयांना गोऱ्यांच्या विद्यालयांची दारे बंद होती त्या काळात कृष्णवर्णीयांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांपैकी ते एक आहे. अशा विद्यार्थ्यांचा विचार मापाच्या घडणीतच घेतला गेला, ही गोष्ट आपल्यासारख्यांनी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. मुलांच्या बोलण्यातून ज्या गैरसमजुती बाहेर आल्या त्या मौजेच्या होत्या आणि चिंतेच्याही. एकदा माहिती सांकेतिक लिपीत बदलली की सर्व संकटे टळली, असे पुष्कळांना वाटे. माणसाची ओळख पटविणे आणि त्याला एखादी गोष्ट करण्याची परवानगी देणे यांत काही मुलांचा गोंधळ होई. चोर नेहमी बाहेरून येतो, घरातला माणूस चोर असूच शकत नाही, असे काहींनी गृहीत धरले होते. ह्याच गैरसमजुतींतून पुढे प्रश्नांचे चुकीचे पर्याय तयार करण्यात आले, आणि प्रत्येकी पाच पर्यायांच्या पंचवीस प्रश्नांची एक कसोटी सिद्ध झाली. म्हणजे त्या कसोटीत जो मुलगा चुकतो तो कशामुळे चुकला तेही कळते. आपल्या परीक्षेत चुकलेल्याला फक्त भोपळा मिळतो.

ह्या कल्पनेचे मूळ पदार्थविज्ञानात आहे. १९९२ साली हेस्टेनिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बल व गती यांच्या कल्पना तपासणारी एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत आकडेमोड जवळजवळ नव्हतीच. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी अशाच प्रकारची प्रश्नावली आपल्या विद्यार्थ्यांना दिली. कठीण गणिते सोडविणारी ती मुले. पण ह्या साध्या प्रश्नांपुढे ती अडखळली. एका मुलीने तर विचारले की उत्तर तुम्ही शिकविले त्याप्रमाणे लिहू की मला वाटते त्याप्रमाणे? हार्वर्डसारख्या ठिकाणी जर शिकविलेले एका खणात आणि वाटलेले दुसऱ्या खणात राहत असेल, तर पौडच्या वर्गातील मुलाला आपण कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे लेखी निवेदन ठेवले होते. विद्यार्थ्याच्या डोक्यात माहिती भरीत बसणे हे विद्यापीठीय शिक्षणाचे कार्य नसून त्याची स्वत:ची विचारशक्ती जागृत करणे हे आहे, आणि केवळ परीक्षा घेणारी यंत्रणा ह्या कार्यास असमर्थ आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. शंभर वर्षे होऊन गेली. आपण बाबासाहेबांच्या पदव्या मोजतो. त्यांचे हे निवेदन मात्र वाचीत नाही.

कोणी म्हणेल, हे सर्व विद्वानांचे वाद आहेत; आमच्या मुलाला नोकरी लागली म्हणजे झाले. त्यांना आमचे सांगणे असे की नोकरी देणाऱ्याला हा फरक कळतो. मुलाखतीस बसलेला मनुष्य व्याख्या विचारीत नाही. तो एक प्रसंग सांगतो आणि विचारतो, तू काय केले असतेस? तेथे ऐंशी गुणांचा मुलगा गप्प बसतो, आणि घरी येऊन सांगतो की आपल्याला आडनावामुळे घेतले नाही. आडनावामुळे नाकारणारे ह्या देशात आहेत आणि त्यांच्याशी लढावयाचेच आहे. परंतु मुलाला शिकविल्याचे ढोंग करून पैसे घेणारा वर्गचालक त्या अन्यायाच्या आड सुखाने लपून बसतो, आणि त्याला कोणी जाब विचारीत नाही, हेही तितकेच खरे आहे.

आणि नोकरीची गोष्ट बाजूस ठेवली तरी घराची गोष्ट उरतेच. शासनाच्या भाषेत आपण "अनुसूचित जाती व नवबौद्ध" आहोत. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी मुलाला महाडीबीटीच्या संकेतस्थळावर अर्ज भरावा लागतो. तो अर्ज बहुतेक जण कोठे भरतात? बाजारपेठेतील सेवा केंद्रात. आधार कार्ड, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक ह्या सर्वांची छायाचित्रे त्या केंद्राच्या संगणकात राहतात. खात्याचा पासवर्ड तेथील मुलगाच ठरवितो आणि आपल्या वहीत लिहून ठेवतो. विद्यार्थी निश्चिंत असतो. पुढच्या वर्षी पासवर्ड विसरला तर वहीत सापडेल! सायबर सुरक्षेच्या परीक्षेत "पासवर्ड गुप्त ठेवावा" ह्या वाक्यापुढे बरोबरची खूण करून गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याचा स्वत:चा पासवर्ड परक्याच्या वहीत असतो, आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे त्याच्या मनातही येत नाही. परीक्षेने त्याच्या मनाला स्पर्शच केला नाही, याचा ह्याहून दुसरा पुरावा कोणता हवा?

येथे केवळ पैशाचा प्रश्न नाही. जातीचा दाखला हा हक्काचा कागद आहे. परंतु तो कोणाला दाखवावा आणि कोणाला दाखवू नये, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा दाखला आहे त्याचाच असला पाहिजे. शहरात खोली भाड्याने घेताना, कार्यालयात नव्याने रुजू होताना, एखाद्याला आपली जात सांगावयाची नसेल तर तो त्याचा प्रश्न आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. गोपनीयता हा शब्द मुलाने व्याख्येत पाठ केलेला असतो. तो शब्द आपल्या आईच्या जातीच्या दाखल्याविषयी आहे, हे त्याला वर्गात कोणी सांगितले?

उदाहरणार्थ, यूपीआयची गोष्ट घ्या. "तुमची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे, रक्कम जमा करून घेण्यासाठी पिन टाका," असा फोन येतो. शंभर प्रकारच्या फसवणुकींची यादी पाठ केलेल्या मुलाला एकशे एकावा प्रकार ओळखता येत नाही. परंतु पिन हा पैसे देण्यास संमती दिल्याची खूण आहे, पैसे घेण्यासाठी संमतीची गरजच नाही, एवढी एक कल्पना ज्याच्या मनात पक्की बसली त्याला एकशे एकावा प्रकारही ओळखता येतो. अंगठ्याचेही तसेच. अंगठ्याचा ठसा हा पासवर्डासारखा गुप्त नसतो. तो आपण चहाच्या पेल्यावर ठेवतो, नोंदणीच्या दस्तावर ठेवतो. आणि चोरीला गेला तर बदलता येत नाही. दस्तांवरील ठशांच्या प्रतिकृती करून आधारशी जोडलेल्या बँक खात्यांतून पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. आधारच्या व्यवस्थेत आपल्या ठशांना कुलूप लावून ठेवण्याची सोय आहे. ती किती घरांनी वापरली आहे? "अंगठा हा माणसाचे नाव आहे की माणसाची किल्ली?" असा एक प्रश्न परीक्षेत घातला तर वर्गातील चर्चा दोन दिवस संपणार नाही. असे प्रश्न का घातले जात नाहीत? कारण ते तपासावयास शिकविणाऱ्याला स्वत: विचार करावा लागतो.

आणखी एक मोठी उणीव सांगितली पाहिजे. हे सर्व शिक्षण सामान्य माणसाला सावधगिरी शिकविते, त्याचे हक्क शिकवीत नाही. फसलास तर तुझीच चूक, असा त्याचा सूर असतो. वस्तुत: रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांनाही लागू करून, असा नियम घातला की दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा गैरव्यवहाराची वर्दी ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर त्याच्यावर तोशीस पडू नये; आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असले तरी वर्दी दिल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसावे. म्हणजे फसवणूक कळताच लाजेने घरात बसण्यापेक्षा त्या क्षणी बँकेला आणि १९३० ह्या राष्ट्रीय मदत क्रमांकाला कळविणे यावर सर्व काही अवलंबून असते. आमच्या स्त्रिया तर नवऱ्याच्या भयाने दोन-दोन आठवडे ही गोष्ट पोटात ठेवतात. "पैसे गेल्यावर पहिल्या तासात काय कराल?" हा प्रश्न ज्या परीक्षेत नाही ती सायबर सुरक्षेची परीक्षा म्हणण्याच्या लायकीची नाही.

मुळशीच्या माणसाला कागद न समजण्याची किंमत नव्याने सांगावी लागू नये. १९२१ साली टाटांच्या धरणासाठी ह्या खोऱ्यातील जमिनी जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह झाला. धरण झाले ते झालेच. त्या काळी ज्यांच्या नावावर जमिनीचा तुकडाही नव्हता त्यांचा तर हिशेबही कोणी ठेवला नाही. असो, तो एक स्वतंत्र विषय आहे.

आमच्या ह्या मागणीवर एक आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो. परीक्षा कठीण केली तर पहिल्या पिढीतील आपलीच मुले गळतील, आणि प्रमाणपत्राचा जो काही थोडा आधार मिळतो तोही जाईल. ह्याचे उत्तर असे की आम्ही मागतो ती परीक्षा मुलाची नाही, अभ्यासक्रमाची आहे. वर्ग सुरू होताना एकदा आणि संपताना एकदा, अशी तीच कसोटी मुलांची नावे न घालता घ्यावी. पहिल्या वेळी वर्गातील किती मुलांना गोष्ट समजली होती आणि शेवटी किती जणांना समजली, एवढेच पाहावे. दोन्ही वेळी आकडा तोच निघाला तर मुले नापास झाली नाहीत, वर्ग नापास झाला. हा आकडा पालकांना दाखविला जावा. ज्या वर्गाला तो दाखविण्याची लाज वाटते त्या वर्गाला आपण पैसे का द्यावेत? अर्थात प्रश्न बाहेर फुटले तर मुले तेही पाठ करतील. म्हणून अमेरिकेतल्या त्या कसोटीचे प्रश्नही सर्वांसाठी खुले ठेवलेले नाहीत.

दुसरी अट भाषेची. इंग्रजीत घेतलेली कसोटी मुलाची इंग्रजी मोजते. पिरंगुटच्या कारखान्यात काम करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या मुलीला कल्पना समजली असून केवळ वाक्याची रचना न कळल्यामुळे तिची खूण चुकीच्या जागी पडते. मग मोजले काय गेले? प्रश्न मराठीत असावेत, आणि मराठीत म्हणजे "कूटलेखन", "प्रमाणीकरण" असल्या दुर्बोध शब्दांच्या मराठीत नव्हे. तसेच परदेशातील प्रश्न उचलून त्यांचे भाषांतर करूनही भागणार नाही. तेथील प्रसंग तेथील जीवनातले आहेत. पुण्यात सी-डॅकचे मुख्यालय आहे, विद्यापीठे आहेत, हिंजवडीत ह्या विद्येवर पोट भरणारे हजारो अभियंते आहेत, त्यांत आपल्याही समाजाचे तरुण आता कमी नाहीत. त्यांनी महिन्यातील एक रविवार विहारात येऊन मुलांना मोठ्याने विचार करावयास लावले, आणि त्यांच्या गैरसमजुती टिपून ठेवल्या, तर वर्षभरात मराठीतील पंचवीस प्रश्न तयार होणे अशक्य नाही. पर्यायांच्या प्रश्नांनी सर्व काही मोजता येते असा आमचा दावा नाही. प्रत्यक्ष हाताने करावयाच्या गोष्टी हाताने करूनच तपासल्या पाहिजेत. पण आरंभ करावयाचा तर येथून करता येईल.

असा प्रश्न कसा असावा, याचा एक नमुना आम्ही वाचकांपुढे ठेवतो. प्रसंग काल्पनिक आहे. धरणाच्या पलीकडील एका वाडीतल्या मुलीच्या फोनला घरी रेंज नसते. म्हणून सेवा केंद्रातील मुलाने तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना स्वत:चा मोबाइल क्रमांक घातला आणि पासवर्डही त्यानेच ठरविला. तीन महिन्यांनी तिने पाहिले तो अर्ज कोणीतरी रद्द केलेला. मुख्य दोष कोणता? पर्याय असे: पासवर्ड सोपा होता; संकेतस्थळ माहिती सांकेतिक लिपीत पाठवीत नव्हते; खात्याचा ताबा आणि ओटीपी दोन्ही तिच्याऐवजी दुसऱ्याच्या हाती होते; तिचा आधार क्रमांक बाहेर फुटला; परदेशातील कोणा हॅकरने संकेतस्थळ फोडले.

पहिला पर्याय निवडणाऱ्या मुलाला पासवर्डाची लांबी शिकविली गेली आहे, मालकी शिकविली गेलेली नाही. दुसरा निवडणारा सांकेतिक लिपीला ताईत समजतो. चौथा निवडणाऱ्याला ओळख आणि अधिकार यांतील भेद कळलेला नाही. क्रमांक ठाऊक असणे म्हणजे अर्ज रद्द करण्याची मुखत्यारी मिळणे नव्हे. पाचवा निवडणाऱ्याच्या मते चोर दूर देशीच राहतो. तिसरा पर्याय निवडणाऱ्याला शिक्षकाने लगेच दुसरा प्रश्न विचारावा: वाडीत रेंज नाही आणि केंद्रातील मुलगा प्रामाणिकही आहे, तर आज संध्याकाळी त्या मुलीने नेमके काय करावे?